ग्लॉसचा हात

"घ्या वहिनी, विन्याचं अपुरं राहिलेलं विमान पूर्ण झालं!" दिगंबरने गेलेल्या मित्राचं मॉडेल टेबलावर ठेवलं. "ब्रशचे वळ दिसतात, म्हणून ग्लॉस वार्निश स्प्रेने मारलं. पातळ पातळ हात दिले."

विनायकराव उतावळे. वार्निश वाळलं का, ते दर वेळी बोट लावून बघायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. शेवटचं दवाखान्यात जातानाही त्यांनी डाव्या पंखाला बोट लावलंच होतं.

वत्सलाबाईंनी चष्मा लावून तो पंख न्याहाळला. "इथे त्यांच्या बोटाचा ठसा होता ना?"

"होता की! पॉलिशपेपरने घासून काढला. आता शोधूनसुद्धा सापडायचा नाही."

"छान झालंय," त्या म्हणाल्या. चकचकीत पंखात त्यांना फक्त आपलाच चेहरा दिसत होता.