गोरक्षची मिसळ पार्टी

“माणूस दुबई सोडतो, पण दुबईचे मित्र माणसाला सोडत नाहीत!” नाशिकला परतलेला गोरक्ष ठणकावून सांगायचा. मग त्याने तिकडून परतलेल्या सगळ्या मित्रांना मिसळीला बोलावलं आणि “नक्की येणार” म्हणणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. नवरा-बायको दोन दिवस मिसळच खात बसले.

गोरक्षने डूख धरला. पुढच्या रविवारचं पुन्हा आमंत्रण दिलं, ग्रुपवर पुन्हा “नक्की येणार”चा पूर आला. रविवारी त्याने गॅसही पेटवला नाही. दाराला कुलूप ठोकलं, मोबाइल बंद केला आणि बायकोला घेऊन लासलगावची सासुरवाडी गाठली. “बसू दे लेकाच्यांना दारात बोंबलत!”

सोमवारी मोबाइल उघडला, तर ग्रुपवर आभारांची रांग.



“गोरक्षभाऊ, काल काय धमाल आली! अशी मिसळ जन्मात खाल्ली नव्हती. वहिनींना जरा रेसिपी टाकायला सांगा ना.”