ओटा मोकळा आहे

वासुदेवरावांनी ताट दोन बोटांनी पुढे ढकललं. "ही खिचडी आजाऱ्याच्याही घशाखाली उतरणार नाही."

हिमानीने लॅपटॉपवरून मान वर केली. "बाबा, दोन वाजता माझी मीटिंग आहे. ओटा मोकळा आहे. तुम्हाला हवं ते करून घ्या."

"आमच्या घरात पुरुष ओट्याला शिवत नाही. कुणाल दहावीत असताना आईजवळ कणीक मळत बसला होता, तर परात अंगणात भिरकावली होती मी. विचार त्याला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून वरच्या खोलीत गेली.

कराडच्या प्रांत कचेरीत वासुदेवरावांनी छत्तीस वर्षं काढली होती, त्यातली बारा हेडक्लार्क म्हणून. उलट बोललेला माणूस ते विसरत नसत. दोन-दोन वर्षं थांबत आणि मग नेमकी त्याची फाईल अडवत. फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे नेदरलँड्समधल्या आल्मेरेला आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली. आता फाईल एकच होती, सुनेची, आणि वेळ भरपूर.

कुणाल तेवढा शहाणा, असं त्यांचं मत होतं. सगळं जग घरून काम करत असताना तो रोज आठच्या ठोक्याला सायकल काढून ऑफिसला जायचा. सर्व्हर सांभाळायला कोणीतरी लागतं म्हणे. संध्याकाळी आला की कोणाशी न बोलता थेट अंघोळीला. "कोविड आहे बाबा," एवढंच म्हणायचा.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी वासुदेवराव कालव्याकाठी फिरत बरेच लांब गेले आणि लसणीच्या फोडणीच्या वासाने जागच्या जागी थांबले. वास एका लहानशा सुरिनामी खानावळीतून येत होता. आत बसायला बंदी होती. दारात टेबल आडवं टाकून डबे देत होते. मालकीण शर्मिला. तिचे पणजोबा बिहारमधून सुरिनामला गेलेले, त्यामुळे तिची बोली वासुदेवरावांच्या हिंदीशी कशीबशी जुळली. तिने डबा दिला. ते बाकावर बसले आणि झाकण काढलं.

पिठलं, तांदळाची भाकरी, आमटी. आमटीत भाजलेल्या तिळाचा वास.

अशीच आमटी करणाऱ्या बायकोला, शामलाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. वासुदेवराव जेवले, डबा भाकरीने पुसून घेतला.

"कोण करतं हे?" त्यांनी परत जाऊन विचारलं.

"कुक नवीन आहे. तुमच्याच मुलखातलं माणूस."

"बोलवा ना बाहेर."

शर्मिला आत डोकावून आली. "नाही म्हणतात. लाज वाटते."

कराडकडचीच कोणी विधवा असणार, घरंदाज असणार, हे वासुदेवरावांनी घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं. आणि त्याच वाटेवर त्यांना सुनेच्या फाईलचं काय करायचं तेही सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून ते डबा घरी आणू लागले. हिमानी ब्रेडला चीज लावून खात असायची, तेव्हा तिच्यासमोर बसून ते एकेक पदार्थ उघडत. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत. खाली लिहीत, 'परक्या मुलखात परक्या बाईला जमतं ते घरात जमत नाही.' हिमानी वाचायची, पण बोलायची नाही. त्यामुळे त्यांना आणखी चेव यायचा.

कुणालला ते आग्रह करत. "मी जेवून आलोय," तो म्हणायचा. पण रोज रात्री ओले केस पुसत विचारायचा, "आज आमटी कशी होती?" मुलगा आपल्या बाजूने आहे, हे वासुदेवरावांना त्यातून कळायचं.

जूनमध्ये खानावळींना बाहेर टेबलं मांडायची परवानगी मिळाली. पहिल्याच शनिवारी त्यांनी शर्मिलाकडे टेबल सांगितलं. शेजारचे हरीश आणि मालिनी यांनाही दीड मीटरवरच्या टेबलावर बोलावलं. मालिनीला कळलं म्हणजे आल्मेरेतल्या सगळ्या मराठी घरांना कळलं. कुणालला म्हणे शनिवारीही काम होतं.

निघताना त्यांनी बॅगेतून शामलाची इरकल साडी काढली. मरण्यापूर्वी तिने ती सुनेसाठी ठेवली होती. वासुदेवरावांनी ती अजून दिली नव्हती.

"ही कोणाला?" हिमानीने विचारलं.

"जिने मला जगवलं तिला."

हिमानीचा चेहरा उतरला. वासुदेवरावांनी तो डोळे भरून पाहिला.

टेबलावर ताटं आली. वासुदेवरावांनी हात लावला नाही. "शर्मिला, आत सांग. बाहेर आल्याशिवाय मी घास घेणार नाही."

शर्मिलाने हिमानीकडे पाहिलं. हिमानी वाकून हळू म्हणाली, "बाबा, घरी जाऊ या. हवं तर मी करते स्वयंपाक. तुम्ही म्हणाल तसा, रोज."

हेच ऐकायला ते सहा आठवडे थांबले होते. पण मालिनी बघत होती, आणि इतक्यात सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"आता का?" ते मोठ्याने म्हणाले. "आता तुझं नको. तू फक्त बघ, हात कशाला म्हणतात ते."

"बाबा, प्लीज."

"जा गं, बोलाव."

शर्मिला आत गेली. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. वासुदेवराव उठले. साडी दोन्ही तळव्यांवर घेऊन, तिन्ही डोकी आपल्याकडे वळलीत याची खात्री करून ते म्हणाले, "माझ्या बायकोनंतर मला पोटभर जेवू घालणारं एकच माणूस जगात निघालं. आज सगळ्यांदेखत मी त्याच्या पाया पडणार आहे."

दाराची जाळी सरकली, आणि एप्रनला हात पुसत कुणाल बाहेर आला.