नाईकाच्या हातातला दोना

आबांनी हात धुतले, धोतराला खसाखसा पुसले आणि मगच पुस्तक मांडीवर घेतलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, वर ठसठशीत नाव : ‘डोंगर आणि साहेब : पहिली भेट’. शिरपूरहून एसटीनं येताना रोहिणीनं ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. आजोबांना हे दाखवायला तिचं मनच होत नव्हतं.

“हाऊ साहेब,” आबा खुशीत म्हणाले. टोपीवरून त्यांनी त्याला लगेच ओळखलं. “नि आपला नाईक कोठे शे?”

रोहिणीनं बोट ठेवलं.

आबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. सातपुड्यातल्या या पाड्यावर गोरा माणूस पहिल्यांदा आला, त्या दिवसाची गोष्ट आबांइतकी रंगवून सांगणारं आसपास आता कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या गोष्टीतला भिल्लांचा नाईक पळसाच्या पानांचा दोना मोहाच्या दारूनं भरतो, गुडघा टेकून पहिली धार धरतीला आणि पूर्वजांना देतो, आणि मग तोच दोना साहेबापुढे धरतो. आलास ना, मग पाहुणा म्हणून बस. डोंगर कोणाचा आहे, हे परक्याला याहून गोडीत कसं सांगणार? “साहेब बसना, नि मंग उठनाच नही,” असं म्हणून आबा गोष्ट संपवायचे आणि ऐकणारे हसून लोळायचे. शाळेच्या पुस्तकासाठी ती लिहून घ्यायला रोहिणीबरोबर पाड्यावर आलेल्या पुण्याच्या हेमलता मॅडमही तेव्हा पोट धरून हसल्या होत्या.

“याना हातमाना दोना कोठे गया?”

“आबा, शाळाना पुस्तकमा दारू दखाडतस नही.”

आबा खो खो हसले. “साहेबले चालनी, नि पुस्तकले चालत नही!”

रोहिणीला हसू येईना. मॅडमनी फोन करून विचारलं होतं, दोना काढून टाकू ना? आणि तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, काढा. खरं तर तिला हायसंच वाटलं होतं. कॉलेजात ‘भिल्ल’ म्हटलं की पोरं अंगठा तोंडाला लावून दाखवायची. निदान पुस्तकात तरी ते नको. तेव्हा दोना गेला. टेकलेला गुडघा राहिला, पुढे केलेला हात राहिला, आणि ज्यानं चित्राखालचा मजकूर लिहिला त्यानं चित्रात जे दिसलं ते लिहिलं. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. म्हणून तर भांडायचं कोणाशी, हेच तिला कळत नव्हतं.

“मंग हाऊ खाले वाकीसन काय करी ऱ्हायना?” आबांनी विचारलं.

धरतीला धार देतोय, असं थाप मारून सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तिची चौथीतली भाची मोहिनी केव्हाची खांद्यावरून डोकावत होती. शाळेत वाचतात तसं, शब्दाशब्दावर बोट ठेवत, ती खणखणीत आवाजात वाचू लागली. “नाईकांनी साहेबांपुढे गुडघे टेकले. साहेबांनी त्यांना अभय दिले. अशा रीतीने डोंगरातील लोकांची बाहेरच्या जगाशी ओळख झाली.”

“किती साफ वाचस मन्ही मोहिनी!” चुलीपुढून रोहिणीची आई, मोगराबाई, कौतुकानं म्हणाली.

आबांचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी चित्र पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

“हाई बदलता येस का?”

“पुस्तकं बठ्ठ्या शाळास्मा गयात, आबा. पुढल्या बारीले बदलतीन, म्हनतस.”

ती पुढली बारी कधी, हेही तिनं मॅडमना विचारलं होतं. त्या मनापासून हळहळल्या होत्या. आहेत त्या प्रती संपल्या की, असं म्हणाल्या होत्या. आणि प्रती गावोगाव पुरून उरतील एवढ्या होत्या.

मोहिनी तोवर पानं उलटत शेवटाला पोचली होती. “आबा! तुन्हं नाव शे!” ती उडालीच. “मूळ कथन : कुवरसिंग आबा!”

हे नाव छापून घ्यायला रोहिणी हट्टाला पेटली होती. तेवढं एक तिच्या मनासारखं झालं होतं, आणि आता तेच तिला बघवेना. आबांनी मोहिनीकडून ती ओळ नीट विचारून घेतली. “म्हंजे हाई गोष्ट तू सांगेल शे,” ती म्हणाली, तसं त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण बोट तिथून हलेना.

“परीक्षामा इचारतस का हाई?”

“हा. नाईकनी काय करं? दोन मार्कले शे.” मोहिनीनं आत्याकडे पाहिलं, मग आबांकडे. “मी काय लिखू, आबा? तू सांगस ते, का पुस्तकमा शे ते?”

 आबांनी म्हणावं, आपलं लिही, मार्क गेले उडत. असं रोहिणीला फार वाटलं. पण मार्कांच्याच जोरावर ती स्वतः या पाड्यावरून शिरपूरपर्यंत पोचली होती. तिनं मान खाली घातली.

आबांनी पुस्तक मिटलं, तान्हं पोर द्यावं तसं जपून मोहिनीच्या हातात दिलं.

“पुस्तकमा शे ते लिख, पोरी,” ते म्हणाले. “आते ते बी मीच सांगेल शे.”