थोरला कोणता?

निळ्या मण्यांचा दोरा मोजिसोलाच्या हातात होता. समोर चटईवर तिची दोन्ही पोरं न्हाऊन, तेल लावून पडली होती. अगदी सारखी. दोरा केहिंदेच्या पायातला. पण यातला केहिंदे कोणता?

आंघोळीआधी दोरा तिनेच सोडला होता. कोणाच्या पायातून, ते काही केल्या आठवेना. जुळ्यांसाठी शिजवलेल्या चवळीचा, पाम तेलाचा वास घरभर सुटला होता. पाहुणे अंगणात जमत होते. आता सगळ्यांदेखत पहिला आशीर्वाद थोरल्याला. इबादानात आधी जन्मतो तो तायवो, म्हणजे धाकटा. जग कसंय ते बघायला त्याला पुढे धाडून मागून सावकाश येतो तो केहिंदे, थोरला. आज चुकलं तर जन्मभराचा मान भलत्याच पोराला!

सासूबाई आत आल्या आणि तिला रडूच फुटलं. "आई, मला वेड लागतंय. काल फोन कंदांच्या टोपलीत ठेवला. भातात मीठ दोनदा घातलं. आणि आता स्वतःची पोरं ओळखू येईनात!"

"रात्री झोपलीस?"

"कुठली झोप! एक निजला की दुसरा उठतो."

"सकाळपासून खाल्लंस काय?"

तेही आठवेना.

"मग? नर्सबाईंनी सांगितलं ना, याला डोक्यातलं धुकं म्हणतात. झोप नाही, बाळंतपणात रक्त गेलेलं, पाणी पीत नाहीस, वर सदानकदा काळजी. डोकं बिघडलं नाहीये गं, दमलंय. रक्तवाढीच्या गोळ्या घे. पाहुणे जेवले की पोरं माझ्याकडे दे आणि ताणून दे."

"पण केहिंदे कोणता?"

सासूबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. एकाने जांभई दिली. त्यांनी दोरा घेतला आणि त्याच्याच पायात बांधून टाकला.

"हा."

"कशावरून?"

"निवांत आहे. थोरला निवांतच असतो."

"आई! असं कुठं असतं?"

तेवढ्यात अंगणातून मोजिसोलाच्या नवऱ्याचा आवाज आला. आपल्या जुळ्या भावाला तो दरडावत होता, "तायवो, खुर्च्या तू उचल! केहिंदे मी आहे. थोरल्याचं ऐकायचं असतं!"

सासूबाईंनी घाईने दार लोटलं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "त्याचाही दोरा मी असाच बांधला होता."