दाराबाहेरची ओढणी

“ते खुळखुळं बाहेर काढून ठेव आधी,” वकीलसाहेब म्हणाले. “मग बोल.”

लालीबाईनं डोक्यावरची ओढणी काढली. लग्न होऊन तांड्यात आल्यापासून परक्या पुरुषापुढं तिचं डोकं कधी उघडं पडलं नव्हतं. पण साहेबांना आवाजाचा त्रास होत होता. ओढणीच्या काठाला कवड्या होत्या, घुंगरं होती, राणीछाप नाणी होती. मान हलली की सगळं वाजायचं, आणि कायद्याला तर शांतता लागते. तिनं ओढणी ओसरीच्या कठड्यावर टाकली आणि उघड्या डोक्यानं आत येऊन सतरंजीच्या कडेला बसली.

यवतमाळातला हा तिसरा वकील. एकसष्ट साल होतं. राज्य नवं झालं होतं, वकील तेच होते. पहिले वकील फार सज्जन निघाले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि मग सांगितलं, की सेठजींच्या कारखान्याची कामं तेच पाहतात. दुसऱ्यांकडे सेठजींचं काम नव्हतं. ते मिळावं म्हणून ते थांबले होते.

प्रकरण साधं होतं. तिचा मुलगा डोंगरसिंग सेठजींच्या कापसाच्या जिनात सहा वर्षं कामाला होता. दिवाळीनंतर भर दुपारी तो शाफ्टच्या पट्ट्यात सापडला. जिवानिशी गेला. सेठजींनी पोलिसांना जबानी दिली, की हा आमचा माणूसच नव्हे, रुई चोरायला आत शिरला होता. हजेरीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं. वही करकरीत नवी होती, तिच्यातली शाई नीट वाळलीही नव्हती, पण वही ती वही. बरोबरच्या मजुरांना विचारलं, तर एकालाही डोंगरसिंग आठवेना. सहा वर्षं त्याच्या फडक्यातली भाकर खाल्लेली माणसं! सेठजींनी एकदा डोळे वटारले आणि बिचाऱ्यांची आठवणच गेली.

“भरपाईचं मंग पाहू, साहेब,” लालीबाई म्हणाली. “पहिले माह्या पोराच्या नावावरचं ‘चोर’ पुसून द्या. त्याच्या लेकराले शाळेत सारे ‘चोराचा’ म्हणून राह्यले.”

“पुसू की. पण कशानं पुसू? तो कामाला होता याचा काही पुरावा? गळ्यात बिल्ला असतो ना मजुरांच्या? तो आण.”

“तो टिनाचा बिल्ला मुकादमानं तोडून नेला, साहेब. पोराचं अंग गरम होतं तवाच.”

“मग झालं.” साहेबांनी पानाचा डबा जवळ ओढला. “कोर्टाला आईचं रडणं दिसत नाही, बाई. कोर्टाला वस्तू लागते. अशी हातात धरता येईल अशी. आहे का? नाही ना? ये मग.”

साहेब तरी काय करणार? कात चुन्याला लागला होता, आणि ते काम पुढं ढकलता येण्यासारखं नव्हतं.

लालीबाई बाहेर आली. ओसरीवर साहेबांचा म्हातारा मुन्शी अब्दुल गनी अर्ज लिहीत बसायचा. आता त्यानं बोरू खाली ठेवला होता आणि तो कठड्यावरच्या ओढणीचा काठ डोळ्यांजवळ धरून बसला होता. ओढणी घाईत टाकली होती, ती उलटी पडली होती.

“हे कोणी लावलं वो बाई?”

दोन नाण्यांच्या मधे पितळेचा एक गोल होता. तिनं गुळगुळीत बाजू वर ठेवून तो टाचला होता. मागच्या बाजूला काहीतरी खोदलेलं होतं, तिथं चमक नव्हती. आणि अक्षराशी तिचा कधी संबंध आला नव्हता.

“माह्या पोरानं आणून देल्लं. ‘याडी, पितळ हाय, चमकते, लाव’ म्हणे. चार वर्षं झाले.”

“कुठून आणलं?”

“म्या नाही इचारलं. पोरगं याडीसाठी कायी आणते, तर माय काय पावती मांगते? त्या हप्त्यात दोन दिवस कामावर घेतलं नव्हतं त्याले. काहून, ते नाही सांगतलं त्यानं.”

“मी सांगतो काहून.” गनीनं चष्मा कपाळावर सारला. “जिनातले मजूर माह्याकडंच अर्ज लिहाले येतात. टिनाच्या पहिले तिथं पितळी बिल्ले होते. बदलले तवा सेठनं सारे मोजून वापस घेतले. एक भरला नाही. ज्याचा नाही भरला त्याले हाकललं दोन दिवस.” त्यानं काठ तिच्यापुढं धरला. “हे कारखान्याचं नाव. हा खाली नंबर, एकशे सत्तेचाळीस. सेठ खोटं नाही बोलला, लालीबाई. तुह्या पोरानं चोरी केली. सहा वर्षांत एकच वस्तू नेली, ते हे.”

लालीबाईनं त्या गोलावरून अंगठा फिरवला. चार वर्षं हे तिच्या कानाशी वाजत होतं.

“आता एकशे सत्तेचाळीस नंबरचा मजूर कोण होता, ते सेठलेच कोर्टात सांगू दे,” गनी म्हणाला आणि त्यानं कलम तासायचा चाकू काढला. “थांब. दोरा कापतो, आत नेऊन दाखवतो.”

“हात नोको लावू.”

तिनं ओढणी झटकली. डोक्यावर घेतली, नीट कपाळापर्यंत ओढली, आणि उंबरा ओलांडला. कवड्या वाजल्या, घुंगरं वाजली, नाणी वाजली.

“अगं ए, तुला सांगितलं ना, ते बाहेर—” साहेब भरल्या तोंडानं ओरडले.

“तुम्ही मांगतली ते वस्तू हाय, साहेब,” लालीबाई म्हणाली. “जराशी वाजते.”