कपाचा डाग

"नवीकोरी खुर्ची जुनी करून द्याल का?" गिऱ्हाईक अवघडून म्हणालं, तेव्हा सोफे मढवणाऱ्या काकांना आधी हसूच आलं. मग कळलं की वडील गेल्यावर, त्यांची खुर्ची बघून आईला रडू यायला नको म्हणून या शहाण्याने ती भंगारात देऊन टाकली होती. तेव्हापासून आई त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच बघत बसायची.

काकांनी जीव ओतला. कोटिंगवालं चकचकीत लेदर डाग धरत नाही, म्हणून वरच्या प्रतीचं, बिनकोटिंगचं कातडं घेतलं. हाताशी एकच फोटो होता, वडिलांनी त्या खुर्चीत बसून काढलेला सेल्फी. तो बघून बघून त्यांनी डोकं टेकायची जागा तेलाने काळपट केली आणि खुर्चीच्या उजव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग उमटवला.

"आई, भंगारवाल्याकडून परत मिळवली बघ!" काकांनी खुर्ची घरी आणून ठेवली तेव्हा मुलगा म्हणाला.

आईची बोटं फिरत फिरत त्या डागावर थांबली. "अगंबाई, तीच की रे!" मुलगा लहान पोरासारखा हसला आणि काकांसाठी पाणी आणायला आत पळाला.

"ह्यांचा कप डाव्या हाताला असायचा," आई हळूच म्हणाली. सेल्फीत आरशासारखं डावं-उजवं उलटं दिसतं, हे काकांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांचा चेहराच पडला.



"त्याला सांगू नका हं. हे गेल्यापासून पोरगं आज पहिल्यांदा हसलंय."