दाबाचा स्क्रू

इंजिन पुन्हा खडखडलं. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकून हलवावेत, तसं. झिसिस मिस्त्रीने कानातली रबरी नळी उपसली. नळीचं दुसरं टोक इंजिनाला जोडलेलं होतं; डॉक्टर छाती ऐकतो, तसा तो इंजिन ऐकायचा.

"गाडी थांबवा, पाद्रीबाबा! नाहीतर पिस्टन वितळून तुमच्या झग्यावर सांडेल."

पाद्रीबाबा फोतिसनी चढावरच ब्रेक मारला. दाढीतल्या दाढीत एक शिवी दिली आणि लगेच छातीवर क्रूसाची खूण केली.

"आता किती ठेवतोस?"

"अर्धा बार दाब."

"अर्धा? अरे, मागच्या आठवड्यात पाऊण होता! गाढवावर बसून गेलो तर लवकर पोचेन मी."

झिसिस खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि दाबाचा स्क्रू सैल केला.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. दाब वाढवाल तशी गाडी पळते. पण तो दाब पेट्रोलला सोसला पाहिजे. नाही सोसला, तर पेट्रोल वेळेआधीच भडकतं. आधी खिळे वाजतात, मग पिस्टन जातो. चांगल्या पेट्रोलवर हे इंजिन सव्वा बार हसत हसत सोसतं, हे झिसिसला झोपेतही पाठ होतं. पण आमच्या गावात ते एकाही गाडीला सोसेना. त्याने प्लग बदलले, रेडिएटर धुतले, उन्हाला दोष दिला, डोंगराच्या विरळ हवेला दोष दिला. गाड्या इतक्या ठकठकायच्या, की विधवा स्तमातिया दर वेळी दार उघडून बघायची, कोण आलंय म्हणून.

फक्त एक गाडी गात जायची. पंपवाल्या अर्गिरिसची. तीच कंपनी, तेच इंजिन, स्क्रू फिरवणारा हातही झिसिसचाच. सव्वा बार, आणि खिळ्याचा एक आवाज नाही.

"पेट्रोलातच काहीतरी घाण आहे," असं झिसिस एकदा कॉफीच्या दुकानात म्हणाला होता. अर्गिरिसने शांतपणे दारूचा पेला खाली ठेवला.

"मग माझी गाडी काय पवित्र जलावर चालते, मिस्त्री? मी पंप विकत घेतलाय, पेट्रोल भरायला शेजारच्या गावात जाऊ?"

दुकान हसलं. त्या दिवसापासून गावाने ठरवलं, की दोष झिसिसच्या हातात आहे. किंवा मनात, श्रीमंताची गाडी तो नीट करतो, गरिबाची नाही. एकेक गिऱ्हाईक शहरातल्या मिस्त्रीकडे गेलं. उरले एकटे पाद्रीबाबा. त्यांचं इंजिन गेलं, की झिसिसने शटर ओढायचं आणि मेहुण्याच्या कोंबड्या राखायला जायचं, हे बायकोने पक्कं केलं होतं. खुराड्याचा आकारसुद्धा विचारून ठेवला होता.

त्यात आज संत इलियासच्या सणाची आदली संध्याकाळ. चौकातल्या पंपापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत गाड्या पळवायच्या, जो पहिला पोचेल त्याने प्रार्थनेची घंटा वाजवायची, अशी आमच्याकडची रीत. सगळ्यांनी गावच्याच पंपावर भरायचं, म्हणजे कोणावर अन्याय नको, हा नियम अर्गिरिसने घालून दिलेला. घंटा दर वर्षी तोच वाजवायचा. माणूस भाविक. दर शनिवारी गाडी काढून शहरात जायचा, आईच्या थडग्यावर दिवा लावायला. पाद्रीबाबा प्रवचनात त्याचं उदाहरण द्यायचे.

पाद्रीबाबांची गाडी कण्हत चौकात आली. अर्गिरिस पांढराशुभ्र शर्ट घालून कॉफी पीत बसला होता. दुपारपासून त्याने लोकांना दाखवायला चढावर इतक्या फेऱ्या मारल्या होत्या, की चौकातल्या मांजरांनीही बघणं सोडलं होतं.

"काय मिस्त्री, किती दिलास पाद्रीबाबांना?"

"अर्धा बार."

"अरेरे! मग प्रार्थना आज नको, उद्या सकाळीच ठेवू या."

चौक खदखदला. झिसिसने हातातला पाना जमिनीवर आपटला.

"हसा! हसा सगळे! दोन्ही इंजिनं मी उघडली, दोन्ही मीच बसवली. ह्याच्या गाडीत असं काय आहे, जे यांच्या गाडीत नाही? एवढं मला कोणीतरी सांगा. मग उद्या दुकान बंद करतो आणि कोंबड्यांकडे जातो!"

"सांगू?" अर्गिरिसने मिशीवरचा कॉफीचा फेस पुसला. "दानत, मित्रा. गाडीला मालकाची दानत कळते."

पाद्रीबाबांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. तेवढ्यात अर्गिरिसच्या गाडीत डोकावताना त्यांना पेट्रोलच्या काट्याशेजारी लाल दिवा पेटलेला दिसला. बिचाऱ्याची टाकी रिकामी, आणि गाड्या सुटायची वेळ झाली. हरण्याचं दुःख त्यांच्या मनात नव्हतं; माणूस मोठ्या मनाचा.

"या भल्या माणसाने आयुष्यभर आपल्या टाक्या भरल्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आज सणाची त्याची टाकी मी भरतो!"

झग्याच्या बाह्या सारून त्यांनी पंपाची नळी उचलली. अर्गिरिसच्या गाडीचं झाकण उघडलं. नळीचं तोंड आत घातलं.

खुर्ची उलटली. कॉफी शर्टावर सांडली. सव्वा बारवरही अर्गिरिस कधी इतक्या वेगाने सुटला नव्हता. सबंध चौक ओलांडत तो ओरडला,

"पाद्रीबाबा, ते नको! ते विकायचं आहे!"